मार्कच्या शुभवर्तमानातील शेवटची बारा वचने

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

धार्मिक मूलतत्त्ववादाचा विषय निघाला की सश्रद्ध माणसे बहुधा एकच उत्तर देतात : दोष धर्माचा नाही, धर्माचा हट्टाने अर्थ लावणाऱ्या मूठभर लोकांचा आहे. ख्रिस्ती धर्मापुरते बोलायचे तर हे उत्तर मी अनेक सुशिक्षित, सहृदय ख्रिस्ती मित्रांकडून ऐकले आहे आणि ते मनापासून दिलेले असते, याबद्दल मला शंका नाही. मी नास्तिक आहे. येशू नावाचा एक ज्यू उपदेशक पहिल्या शतकात होऊन गेला आणि रोमन सत्तेने त्याला क्रुसावर खिळले, हे मला इतिहास म्हणून पटते. तो कुमारिकेच्या पोटी जन्मला, तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला आणि त्याच्या मरणाने मानवजातीच्या पापाचे प्रायश्चित्त झाले, हे मला पटत नाही. मात्र माझे न पटणे हा या पत्राचा विषय नाही. वरचे उत्तर मला अपुरे का वाटते, एवढेच मांडायचे आहे.

‘मूलतत्त्ववादी’ हे आज दूषण झाले असले, तरी मुळात तो अमेरिकेतील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांनी स्वतःसाठी अभिमानाने घेतलेला शब्द आहे. विद्यापीठांत बायबलची ऐतिहासिक चिकित्सा सुरू झाली होती, डार्विनचा सिद्धान्त पसरत होता, आणि या दोन्हींना उत्तर म्हणून लायमन स्ट्युअर्ट या तेल उद्योजकाच्या पैशातून १९१० ते १९१५ या काळात ‘द फंडामेंटल्स’ (मूलतत्त्वे) या नावाने नव्वद निबंधांच्या बारा पुस्तिका छापून धर्मोपदेशकांना फुकट वाटण्यात आल्या. या मूलतत्त्वांसाठी लढायला तयार असणाऱ्यांना ‘मूलतत्त्ववादी’ म्हणावे, असे १९२० मध्ये एका बाप्टिस्ट नियतकालिकाच्या संपादकाने सुचवले. त्या मूलतत्त्वांतील पहिले, ज्यावर बाकीची उभी आहेत ते, म्हणजे बायबल हे देवाचे वचन असल्यामुळे त्यात चूक असू शकत नाही.

या दाव्याची परीक्षा एका लहानशा मजकुरावर करून पाहता येते. मार्कचे शुभवर्तमान हे चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या बायबलमधील चार पुस्तकांत, सर्वांत जुने, साधारण इ.स. ७० च्या सुमारास लिहिले गेले, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. त्याच्या सोळाव्या अध्यायातील नववे ते विसावे ही शेवटची बारा वचने चौथ्या शतकातील सिनाई आणि व्हॅटिकन या दोन अतिशय महत्त्वाच्या ग्रीक हस्तलिखितांत नाहीत. तेथे पुस्तक आठव्या वचनाशीच थांबते : स्त्रिया रिकामी कबर पाहून थरथरत पळून जातात आणि भीतीमुळे कोणाला काही सांगत नाहीत. उठलेला येशू कोणाला दिसल्याचा प्रसंगच तेथे नाही. अचूक प्रतींत मजकूर इथेच संपतो, ही गोष्ट चौथ्या शतकातील ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस यालाही माहीत होती. दुसऱ्या बाजूचा पुरावाही सांगितला पाहिजे : नंतरच्या बहुतेक ग्रीक प्रतींत ही बारा वचने आहेत आणि दुसऱ्या शतकात इरेनियस या ख्रिस्ती धर्माचार्याने त्यांतील एक वचन उद्धृतही केले आहे. म्हणजे ही भर जुनी आहे. तरीही ती भरच आहे, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात, आणि त्यांत श्रद्धावान ख्रिस्ती अभ्यासकही मोठ्या संख्येने आहेत. अनेक आधुनिक भाषांतरांत ही वचने कंसात किंवा तळटीप देऊन छापली जातात.

एखाद्या जुन्या ग्रंथात प्रक्षिप्त मजकूर सापडणे ही काही धक्कादायक गोष्ट नाही. हाताने नकला होत असत त्या काळात पाठभेद होणारच. परंतु या बारा वचनांत काय आहे ते पाहिले म्हणजे प्रश्न केवळ ग्रंथचिकित्सेचा राहत नाही. विश्वास ठेवणारे साप उचलून धरतील, प्राणघातक विष प्याले तरी त्यांना बाधा होणार नाही, आजाऱ्यांवर त्यांनी हात ठेवले की ते बरे होतील, अशी आश्वासने तेथे आहेत. आणि जो विश्वास ठेवणार नाही तो दोषी ठरेल, हा निवाडाही तेथेच आहे.

यांतील सापांविषयीचे वचन अक्षरशः पाळणारी मंडळे अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागात विसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली. ती प्रथा पसरवण्यात ज्याचा मोठा वाटा होता तो उपदेशक, जॉर्ज वेंट हेन्स्ली, १९५५ मध्ये फ्लोरिडात एका उपासनेत साप चावला असता वैद्यकीय उपचार नाकारून मरण पावला. मला त्या माणसाविषयी तिरस्कार वाटत नाही, दुःख वाटते. पुस्तकात चूक असूच शकत नाही, असे त्याला आयुष्यभर सांगितले गेले आणि त्याने ते इतरांपेक्षा अधिक प्रामाणिकपणे खरे मानले. ज्या ओळीवर त्याने जीव पणाला लावला ती सर्वांत जुन्या प्रतींत नाही.

हेन्स्ली सज्ञान होता, त्याचा निर्णय त्याचा होता. आजाऱ्यांवर हात ठेवण्याच्या वचनाबाबत तसे म्हणता येत नाही, कारण तेथे बळी जातात ती मुले असतात. बायबलमधील याकोबाच्या पत्रातही विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील असे म्हटले आहे, आणि अशा वचनांच्या आधारे काही पंथ डॉक्टरकडे जाणे हाच अविश्वास मानतात. अमेरिकेत १९७५ ते १९९५ या वीस वर्षांत धार्मिक कारणाने उपचार न दिल्यामुळे दगावलेल्या १७२ मुलांच्या प्रकरणांचा अभ्यास १९९८ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४० मुलांचे आजार असे होते की, उपचार मिळते तर जगण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक होती. अशा पालकांना कायद्यातून सवलत द्यावी, अशी अट तेथील केंद्र सरकारनेच १९७४ मध्ये राज्यांवर घातली होती. १९८३ मध्ये ती अट मागे घेतली गेली, तरी अनेक राज्यांच्या कायद्यांत सवलती तशाच राहिल्या. ओरेगॉन राज्याने तर त्या २०११ मध्ये काढून टाकल्या. हे आकडे वाचल्यानंतर ‘श्रद्धा ही ज्याची त्याची खासगी बाब आहे’ हे वाक्य मला पूर्वीसारखे सहज उच्चारता येत नाही.

प्रार्थनेने मनाला धीर येतो, हे मी नाकारत नाही. प्रार्थनेने शरीर बरे होते का, हा मात्र तपासता येणारा प्रश्न आहे आणि तो तपासला गेला आहे. अमेरिकेतील सहा रुग्णालयांत बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्यासाठी प्रार्थना होणार की नाही हे माहीत नसलेल्या दोन गटांपैकी, ज्या गटासाठी प्रार्थना झाली त्यात ५२ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, ज्या गटासाठी झाली नाही त्यात ५१ टक्के. प्रार्थना नक्की होणार असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के होते. या संशोधनाचा खर्च मुख्यतः धर्माविषयी आस्था असलेल्या एका प्रतिष्ठानाने केला होता, म्हणून तो नास्तिकांचा डाव होता असेही म्हणता येणार नाही.

आता त्या सहृदय मित्रांच्या उत्तराकडे येतो. ते म्हणतात, आम्ही सापाचे वचन अक्षरशः घेत नाही, मुलांना डॉक्टरकडे नेतो, सहा दिवसांतील सृष्टीची निर्मिती रूपक म्हणून वाचतो. हे सारे मला माहीत आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण कोणते वचन अक्षरशः घ्यायचे, कोणते रूपक मानायचे आणि कोणत्याकडे डोळेझाक करायची, हे ठरवण्याची कसोटी त्यांनी कोठून आणली? ती पुस्तकात दिलेली नाही. गुलामगिरीचा इतिहास याची साक्ष देतो. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परकीयांना विकत घेऊन वंशपरंपरेने दास म्हणून ठेवण्याची मुभा आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात दासांनी धन्याची आज्ञा पाळावी असा उपदेश आहे. आणि गुलामगिरी ही प्रथाच निषिद्ध आहे असे म्हणणारे एकही वचन संपूर्ण बायबलमध्ये नाही. अमेरिकेतील सदर्न बाप्टिस्ट संघटना १८४५ मध्ये वेगळी झाली, ती गुलामांच्या मालकांना मिशनरी होता यावे या आग्रहातून, आणि तिने त्याबद्दल क्षमा मागितली १९९५ मध्ये. क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी मात्र अठराव्या शतकातच गुलामगिरीविरुद्ध आवाज उठवला होता, आणि त्यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे. पण वचने तर दोन्ही बाजूंकडे तीच होती. फरक पडला तो साखळदंडातल्या माणसाकडे पाहून कोणाचे मन कळवळले आणि कोणाचे नाही, यामुळे. ही विवेकबुद्धी ग्रंथ उघडण्याआधीच माणसापाशी असते आणि ग्रंथातील काय घ्यायचे, काय टाकायचे, हे तीच ठरवते.

म्हणून उदारमतवादी ख्रिस्ती आणि माझ्यासारखा नास्तिक यांच्यातील अंतर त्यांना वाटते त्याहून पुष्कळ कमी आहे. सर्प, विष, नोहाचे तारू, दासांना केलेला उपदेश यांना आपण दोघेही एकच कसोटी लावतो. तीच कसोटी पुनरुत्थानाला लावण्याची वेळ आली की ते थांबतात. पौल या आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकाचे करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र मार्कच्या शुभवर्तमानाहून जुने आहे आणि उठलेला ख्रिस्त कोणाकोणाला दिसला त्याची यादी त्यात आहे, हे मी मान्य करतो. त्यावरून पहिल्या अनुयायांचा विश्वास फार लवकर आणि मनापासून निर्माण झाला होता, एवढे सिद्ध होते. मेलेला माणूस जिवंत झाला, हे त्यावरून सिद्ध होत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात उठलेल्या येशूची व शिष्यांची भेट गालीलात होते, लूकच्या शुभवर्तमानात यरुशलेम व त्याच्या परिसरात. इतर कोणत्याही धर्माच्या चमत्कारकथेत एवढी विसंगती आढळली असती तर माझ्या मित्रांनी तो पुरावा क्षणभरही स्वीकारला नसता.

मूलतत्त्ववाद्यांची अडचण वेगळी आहे. १९७८ मध्ये शिकागो येथे दोनशेहून अधिक इव्हँजेलिकल (बायबलला सर्वोच्च प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंट) नेत्यांनी बायबलच्या निर्दोषतेविषयी जे निवेदन काढले, त्यात बायबलची दैवी प्रेरणा (आणि तिच्यामुळे येणारी निर्दोषता) काटेकोरपणे केवळ मूळ हस्तलिखितांना लागू होते असे म्हटले आहे. ती मूळ हस्तलिखिते आज अस्तित्वात नाहीत. म्हणजे ज्या पुस्तकात चूक नाही ते कोणाच्याही हाती नाही, आणि जे हाती आहे त्याच्या आधारावर मुलांनी शाळेत काय शिकावे, स्त्रीने कोणाच्या आज्ञेत राहावे, दोन माणसांनी कोणावर प्रेम करावे, याचे निर्णय दिले जातात.

हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हीच कसोटी मी प्रत्येक धर्माला लावतो, आणि ख्रिस्ती व्यक्तीच्या उपासनेच्या किंवा नागरी हक्कांवर कोणी घाला घातला तर मी तिच्याच बाजूने उभा राहीन. १६९७ मध्ये एडिंबरात थॉमस एकनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ईशनिंदेसाठी फाशी दिले गेले. त्याच्या जागी उद्या कोणी श्रद्धाळू मुलगा असला, तरी माझा संताप तेवढाच असेल.

ख्रिस्ती धर्मोपदेशकांना आणि धर्मशिक्षण देणाऱ्यांना माझी एकच कळकळीची विनंती आहे. त्यांतील अनेकांना मार्कच्या शेवटाविषयीची ही माहिती धर्मशास्त्राच्या पदवीच्या वर्गातच मिळालेली असते. ती वर्गाच्या बाहेर येऊ द्या. जेव्हा सोळावा अध्याय उपासनेत वाचाल, तेव्हा त्याखाली छापलेली तळटीपही त्याच आवाजात वाचा, आणि एखादी आई तापाने फणफणलेले मूल घेऊन प्रार्थनेसाठी आली, तर प्रार्थना जरूर करा, पण तिला आधी डॉक्टरकडे न्या.

आपला,
एक नास्तिक वाचक