कैद्याच्या सुटकेची खबर पीडित कुटुंबाला आधी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाजलेल्या खटल्यातला एखादा दोषी पॅरोलवर, म्हणजे काही कारणासाठी मिळणाऱ्या तात्पुरत्या सुट्टीवर, बाहेर आला किंवा शिक्षेत सूट मिळवून सुटला, की चार दिवस लोक पेटून उठतात. ‘कायद्याचा धाक उरला नाही’पासून ‘चौकात फाशी द्या’पर्यंत मजल जाते. हा संताप मला मनापासून पटतो. पण तो दरवेळी शिक्षा किती वर्षांची असावी यावरच खर्ची पडतो आणि खरी खोट आहे तिथे पोहोचतच नाही, म्हणून हे पत्र.

मी सत्र न्यायालयात लिपिक म्हणून नोकरी केली. खुनाच्या खटल्यात जन्मठेप सुनावली जाते, पोलीस आरोपीला घेऊन जातात, सरकारी वकील पुढच्या प्रकरणाचे कागद चाळू लागतात. आणि मयताची आई किंवा भाऊ दाराशी उभा राहून विचारतो, “जन्मठेप म्हणजे किती वर्षं हो, साहेब?” बाकावरचा कुणीतरी सांगतो, “चौदा.” ते चौदा वर्षांचे उत्तर घेऊन माणसे घरी जातात. ते चुकीचे असते, हे त्यांना कुणी सांगत नाही.

जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच गोपाळ गोडसे प्रकरणात स्पष्ट केले आहे. चौदा वर्षांची अट कायद्यात आली ती १९७८ मध्ये. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येणार नाही, एवढाच तिचा अर्थ. म्हणजे चौदा वर्षे झाली की सुटका, असा हक्क कैद्याला नाही. सूट द्यायची की नाही, हे सरकार ठरवते. आणि इथेच ज्याच्या घरचे माणूस गेले, तो चित्रातून पुसला जातो.

शिक्षामाफीचा अर्ज कोणत्या निकषांवर तपासावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या लक्ष्मण नस्कर प्रकरणात सांगितले. गुन्ह्याचा समाजावर परिणाम झाला का, तो पुन्हा घडण्याची शक्यता आहे का, कैद्याची गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का, त्याला आत ठेवून काही साधणार आहे का, आणि त्याच्या कुटुंबाची सामाजिक-आर्थिक स्थिती काय आहे. शेवटचा निकष मी अनेकदा वाचला आहे. कैद्याच्या बायकामुलांचा विचार व्हायलाच हवा. त्यांनी कुणाचा जीव घेतलेला नसतो. पण ज्याचा जीव गेला, त्याच्या बायकामुलांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या यादीत नाही.

२०२२ च्या स्वातंत्र्यदिनी बिल्किस बानो प्रकरणातले, म्हणजे २००२ च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि हत्यांच्या खटल्यातले, अकरा दोषी बाहेर आले, तेव्हा आपल्या सुरक्षिततेची चौकशीही कुणी केली नाही, असे बिल्किस बानो यांनी जाहीरपणे सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली, कारण खटला मुंबईत चालल्याने हा निर्णय गुजरात सरकारच्या अधिकारातलाच नव्हता. दोषी पुन्हा आत गेले. पण त्यासाठी एका बाईला परत दिल्लीपर्यंत झगडावे लागले.

पॅरोल आणि फर्लो (काही काळ शिक्षा भोगल्यावर मिळणारी ठरावीक रजा) बंद करा, असे मी म्हणणार नाही. मरणाच्या दारात असलेल्या आईला भेटायला जाणे माणुसकीचे आहे. लांब शिक्षा भोगणाऱ्याचा घराशी धागा तुटू नये म्हणून फर्लो असतो, आणि ज्याला उद्या बाहेर यायचेच आहे तो माणूस म्हणूनच बाहेर यावा, यात समाजाचेही हित आहे. पण वडाळ्यात एका तरुण वकील मुलीचा खून करणारा इमारतीचा सुरक्षारक्षक आठवा. जन्मठेप झालेली असताना २०१६ मध्ये तो नाशिकच्या तुरुंगातून पॅरोलवर सुटला आणि पळाला. सापडला २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये, थेट जम्मू-काश्मीरमध्ये. तेवढा सगळा काळ त्या मुलीच्या घरच्यांनी कसा काढला असेल?

दुसरीकडे, २०१७ मध्ये बलात्काराच्या दोन गुन्ह्यांत वीस वर्षांची शिक्षा झालेला डेरा सच्चा सौदाचा प्रमुख इतक्या वेळा बाहेर येतो, तेही निवडणुकांच्या तोंडावर, की लोकांनी नियमांवर विश्वास ठेवायचा तरी कसा? देशातल्या तुरुंगांत चारपैकी तीन माणसे दोषी ठरलेलीच नाहीत, ती कच्चे कैदी आहेत. ही तुलना कुणाच्याही मनात येणारच.

प्ली बार्गेनिंगचे, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेची तडजोड करण्याचे, नाव काढले तरी ‘गुन्हेगाराशी सौदा’ म्हणून लोक चिडतात. आपल्याकडे ते २००६ पासून आहे. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे गुन्हे, स्त्रिया आणि लहान मुलांवरचे गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. आणि त्या तडजोडीच्या बैठकीला पीडिताला नोटीस पाठवून बोलवावेच लागते. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने तर तपासाची प्रगती नव्वद दिवसांत पीडिताला कळवण्याचे बंधन पोलिसांवर घातले, खटला मागे घ्यायचा असेल तर आधी पीडिताचे म्हणणे ऐका असेही सांगितले. मात्र त्याच संहितेत शिक्षामाफीच्या कलमांपाशी आलो, की पीडित हा शब्दच सापडत नाही. किरकोळ चोरीच्या तडजोडीत ज्याला खुर्ची मिळते, त्याला खुन्याच्या सुटकेची बातमी टीव्हीवर कळावी, हे कोणत्या न्यायात बसते?

कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये एका विद्यार्थिनीचा खून झाला. काही दिवसांनी तिची आई दुकानात गेली, तर आरोपी समोर उभा. तो जामिनावर सुटल्याचे तिला कुणी कळवलेच नव्हते. २००८ मध्ये तिथल्या मतदारांनी त्या मुलीच्या नावाने ओळखला जाणारा कायदा मंजूर केला आणि अशा कुटुंबांना सुटकेची माहिती मिळण्याचा, पॅरोलच्या सुनावणीत बोलण्याचा हक्क राज्यघटनेत घातला.

आपल्याकडे हे होत नाही, म्हणून लोक भलत्याच वाटेने न्याय शोधतात. २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या ‘चकमकीत’ मारले गेले, तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. न्या. सिरपूरकर आयोगाने पुढे ती चकमक बनावट ठरवली. ती फुले उधळणारी माणसे दुष्ट नव्हती. निकालानंतर काय होते, याचा त्यांना भरवसाच उरला नव्हता.

राज्याच्या गृह विभागाने यात लगेच करण्यासारखे बरेच आहे. शिक्षा सुनावली त्याच दिवशी कुटुंबाला मराठीत लेखी द्या, की ही शिक्षा म्हणजे काय, फर्लो कधी मागता येतो, सूट कोण देतो. पुढे कळवलेले हवे आहे का, हेही तेव्हाच विचारा, कारण काहींना ते नाव पुन्हा ऐकायचेही नसते. ज्यांना हवे आहे त्यांना सुटकेआधी नोटीस द्या, त्यांचे म्हणणे नोंदवा आणि कारणांसह आदेशाची प्रत द्या. त्यांना नकाराधिकार द्या, अशी माझी मागणी नाही. निर्णय सरकारनेच घ्यावा, पण त्यांच्या माघारी नको.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. जन्मठेपेची बातमी छापताना ‘चौदा वर्षे’ लिहू नका, आणि निकालाच्या बातमीत पुढच्या सुटकेचे नियम चार ओळींत द्या. न्यायालयाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ते सांगणारे सध्या दुसरे कुणी नाही.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी