तट मध्येच का तुटतो?

यॉर्क (इंग्लंड), सोमवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर यॉर्कच्या जुन्या तटाचा नकाशा बघताना तुम्ही विचारलंत, "पूर्वेला हा तट मध्येच कुठे गेला? पडला का?" मला उत्तर देता आलं नाही. चार वर्षं राहतेय मी इथे! म्हणून काल अख्खा तट चालून आले, साधारण साडेतीन किलोमीटर.

पडला नाही, बाबा. तिथे तो कधी बांधलाच नव्हता.

हे गावही आपल्या कराडसारखं संगमावरचं. ऊझ मोठी, फॉस धाकटी. इ.स. 71 मध्ये रोमनांनी दोघींच्या बेचक्यात छावणी टाकली. दोन बाजूंना पाणी आयतंच. नंतर विल्यम राजाने किल्ल्याच्या खंदकासाठी फॉसला बांध घातला. मागे पाणी तुंबून मोठं तळं झालं, कडेने दलदल. नावच पडलं 'राजाचं मासळीचं तळं'. तेराव्या-चौदाव्या शतकात दगडी तट उठला तेव्हा लेअरथॉर्पला पाण्याच्या काठाशी थांबला आणि पलीकडच्या काठावरून पुन्हा सुरू झाला. मध्ये चिखल पहारा देत होता, मग दगड कशाला वाया घालवा? पुढे तळं गाळाने भरलं. आता तिथे मोटारींचा रस्ता आहे, पण नाव अजून फॉस आयलंड्स रोड!

जिथे तट परत सुरू होतो तिथला रेड टॉवर 1490 च्या सुमाराचा, विटांचा. पांढुरक्या चुनखडीच्या तटात एकटाच लाल आणि ठेंगणा. काम वीटवाल्यांना गेलं म्हणून पाथरवट भडकले होते म्हणे. माणसं तीच.

आई, तुला हसायला एक: इथे 'गेट' म्हणजे रस्ता. 866 मध्ये व्हायकिंगांनी गाव घेतलं, त्यांच्या भाषेतला शब्द. आणि वेशीला म्हणतात 'बार'. पहिल्या महिन्यात मी स्टोनगेटला दगडी दरवाजा शोधत फिरले होते. बाबांना 'मंक बारला जाऊ' म्हटलं तर तू भलतं समजू नकोस.

बूथम बार ते मंक बार हा तुकडा सगळ्यात देखणा. खाली लोकांच्या बागा, पलीकडे मिन्स्टर. ते कॅथेड्रल 1220 ते 1472 बांधत होते. पाया भरणाऱ्याच्या पणतूनेही ते पुरं झालेलं पाहिलं नसेल. हा तटसुद्धा 1800 च्या सुमारास नगरपालिकेनेच पाडायला काढला होता. लोकांनी ओरड केली म्हणून बराचसा वाचला.

एप्रिलमध्येच या. तटाच्या उतारावर पिवळे डॅफोडिल असतात. फक्त मंक बारचा जिना अरुंद आणि उभा आहे, आईच्या गुडघ्याला झेपायचा नाही. आणि वर आतल्या बाजूला पुष्कळ ठिकाणी कठडाच नाही, तेव्हा बाबा, फोटो काढताना मागे सरकायचं नाही. आपण सुरुवात त्या तळ्याच्या तुकड्यापासून करू. तिथे चढायलाच नको.

तुमची,
ताई