गरम पाण्याच्या पिशवीबद्दल

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

आईचं वर्षश्राद्ध परवा झालं. जेवणं उरकल्यावर मामा पुन्हा म्हणाला, "शेवटी ताईला अफूवर ठेवलंत तुम्ही." या वेळी मी गप्प बसलो नाही. आईच्या वेदनाशामक पट्टीतलं फेंटानिल अफूच्या बोंडातून येत नाही. पॉल यान्सेन यांनी ते १९६० साली बेल्जियममध्ये प्रयोगशाळेत तयार केलं. शरीरातलं कुलूप मात्र ते अफूतल्या मॉर्फिनचंच उघडतं. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम तोडायचं नसतं. व्यसन ही निराळी गोष्ट. हे सगळं तुमचंच, मी फक्त पोपटासारखं बोललो.

आधी मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. गिळवेना झालं तेव्हा डॉक्टरांनी कातडीवर चिकटवायची फेंटानिलची पट्टी दिली, ताशी २५ मायक्रोग्रॅमची. मी बँकेतला माणूस, हिशेब केलाच: ७२ तासांत १८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन मिलिग्रॅमसुद्धा नाही! एवढ्याशाने काय होणार, असं मी म्हणालो, तेव्हा तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंत ती आठवते.

आईला इसबगोल हवं होतं, तुम्ही ठाम नाही म्हणालात. गुंगी काही दिवसांत उतरते, बद्धकोष्ठ उतरत नाही. आतडंच मंदावलेलं, त्यात भुसा कोंबून उपयोग नाही. सोनामुखीचं पातळ औषध पहिल्या दिवसापासून. पट्टी बदलायची म्हणून कालनिर्णयवर दर तिसऱ्या दिवशी निळी खूण. काढलेली पट्टी चिकट बाजू आत घडी करून तुमच्या पाकिटात, कारण तिच्यात बरंच औषध उरलेलं असतं आणि आमचा कचरा 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक मावशी हाताने निवडतात. त्यांचा विचार आमच्या घरात कुणी केला नव्हता.

आता ती डिसेंबरातली सकाळ. कसब्यातलं आमचं घर थंडीत गारठतं. आईची पाठ ठणकत होती, वहिनीने मायेने गरम पाण्याची पिशवी लावली. नेमकी पट्टीवर. तुम्ही आलात, पायातल्या चपलाही न काढता पिशवी बाजूला केलीत आणि घड्याळ धरून आईच्या छातीकडे बघत राहिलात. मिनिटाला अकरा श्वास. हाक मारली की डोळे उघडत होती, पण लगेच मिटत होती. शेकाने कातडीतून औषध भराभर आत गेलं होतं. तुम्ही डॉक्टरांना फोन लावलात, त्यांच्या सांगण्यावरून पट्टी काढलीत. मला वाटलं, काढली की संपलं. तुम्ही म्हणालात, कातडीत साठा राहतो, रक्तातलं औषध निम्म्यावर यायलाच सतराहून जास्त तास लागतात. श्वास आणखी मंदावला किंवा हाकेला ओ आली नाही, तर थेट हॉस्पिटल. तुमची पाळी दुपारीच संपत होती. तरी रात्री नऊपर्यंत बसलात, दर पंधरा मिनिटांनी वहीत आकडा. अकरा, अकरा, बारा, चौदा. निघताना वही माझ्या हातात दिलीत आणि रात्रभर मला बसवलंत. पहाटे आईने चहा मागितला.

आणि आता जे मी वर्षभर टाळलं. पट्टीवर शेक द्यायचा नाही, तेल लावायचं नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. तेलाचं मी वहिनीला सांगितलं. शेकाचं विसरलो. त्या दिवशी वहिनी रडत होती तेव्हा मी तोंड उघडलं नाही, आणि तुम्हीही मला उघडं पाडलं नाहीत. "यापुढे सगळ्यांना सांगा," एवढंच म्हणालात, तेही जिन्यात. आई त्यानंतर पाच आठवडे होती, बऱ्यापैकी वेदनेविना, जागी, मामाशी भांडण्याइतकी.

हे पत्र वहिनीला आधी वाचायला दिलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. वर्ष सरलं म्हणून या संक्रांतीला घरात गुळपोळ्या झाल्या आहेत. मघाशी तिने एक डबा वेगळा भरला आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "त्यांना पोचव. तूच जा."

रविवारी सकाळी येतो.

आपला,
आजींचा धाकटा