आई, तू विचारलंस त्याचं खरं उत्तर

प्रिय आई,

पत्र म्हणतेय खरं पण मोबाईलवरच टाईप करतेय. आज सुट्टी आहे, बाहेर पाऊस, आणि रविवार असल्यामुळं इथली सगळी दुकानं बंद, म्हणजे वेळच वेळ. व्हॉट्सअपला टाकते, तू चष्मा लावून सावकाश वाच, आणि पप्पांना वाचून दाखवताना मधला एक पॅरा गाळ, कुठला ते तुला कळेलच.

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, तिथं जर्मनीत एकटीला भीती नाही का गं वाटत, आणि मी म्हटलं छे, कसली भीती. अगं स्पीकर चालू, मागं काकू, आज्जी कान देऊन बसलेली, पिंकी दारात उभी, अशात काय सांगणार मी. पण नंतर पिंकीचा मेसेज आला की ताई तुझं वेगळं होतं, तू पहिल्यापासून धीट, माझ्याच्यानं नाही व्हायचं, जर्मनच्या क्लासची फी भरलीय पण सोडून द्यावंसं वाटतंय. वाचून आधी हसले आणि मग जरा रागच आला. मी आणि धीट? मिरजेहून पुण्याला एकटी जाताना अख्खा प्रवास पर्स पोटाशी धरून बसणारी मी. म्हणून आता खरं काय ते लिहिते, तिलाही दाखव.

निघायच्या आधी कित्येक दिवस मला झोप नव्हती. तुमच्या लक्षात आलं नाही कारण मी मिरजेच्या हॉस्पिटलात मुद्दाम नाईट ड्युटी मागून घ्यायचे, म्हणजे दिवसा डोळे सुजलेले दिसले तरी कुणी विचारत नाही. डोक्यात नुसतं चक्र, तिथं आपलं बोलणं कुणाला कळलंच नाही तर, एखादं औषध चुकलं तर, महिन्याभरात परत पाठवलं तर, आणि परत आल्यावर गल्लीत काय तोंड दाखवायचं. मामा म्हणालेच होते की मुलगा असता तर गोष्ट वेगळी. काकूचं एकच, लग्नाचं वय आहे, तिकडनं आल्यावर कोण विचारणार. आणि गंमत म्हणजे धीर देणारेही तसलेच. निरोप समारंभात भाषणात आनंदीबाई जोशींचं उदाहरण दिलं, १८८३ साली अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याशिवाय बोटीनं अमेरिकेला गेली, १८८६ ला डॉक्टर झाली वगैरे, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोक्यात मात्र त्याच्या पुढचं चालू, की परत आली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत गेली बिचारी, बावीस पूर्ण व्हायच्या आत. धीर कसला, धडकीच भरली. आपल्याकडं बाईनं परदेशी जायचं म्हटलं की लोकांकडं दोनच गोष्टी असतात, एक तर काहीतरी वाईट होईल नाहीतर इतिहास घडेल. नुसतं जाऊन नोकरी करून संध्याकाळी वरणभात खाऊन झोपणारी बाई कुणाच्या डोळ्यासमोरच येत नाही.

देशाची भीती म्हणशील तर ती लवकर गेली. थंडी कपड्यांनी भागते. डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधार होतो ते जरा अंगावर येतं, पहिल्या हिवाळ्यात दुपारची शिफ्ट संपवून बसस्टॉपवर उभी राहायचे ती किल्ली मुठीत धरून, टोक बाहेर काढून, पप्पांनीच शिकवलेलं. आता नाही धरत. इथं सगळे संत राहतात म्हणून नाही, रस्ता पायाखालचा झाला, बसचे ड्रायव्हर ओळखीचे झाले, नंबर पाठ झाले. पोलिसांचा ११०, ॲम्ब्युलन्स आणि फायरचा ११२, आणि तिसरा ११६०१६, घरात मारहाण होत असेल, कुणी पाठीमागं लागलं असेल तर बायकांसाठी हा चोवीस तास चालू असतो, फुकट लागतो, आणि जर्मन येत नसेल तर दुभाषी जोडून देतात. पिंकीला हा आत्ताच सेव्ह करायला सांग. नवऱ्यामागं इथं येणाऱ्या आपल्या मुलींना तर हा कुणी सांगतच नाही.

खरी भीती वेगळी होती आई, आपण काही कामाचेच नाही याची. तुला माहितीय, मिरजेला आयसीयूत कुणाची शीर सापडत नसली की मला हाक मारायचे. इथं सलाईनची सुई लावायचं काम सहसा डॉक्टरचं. मग नर्सनं काय करायचं, तर सकाळी पेशंटला पुसून काढणं, दात, केस, भरवणं, बेडपॅन, कूस बदलणं, सगळं. आपल्याकडं हे नातेवाईक करतात नाहीतर मावशी, इथं नातेवाईक फुलं घेऊन येतात, बसतात आणि जातात. त्यात ते सरकारी पत्र, डेफिझिटबेशाइड म्हणतात त्याला, आपल्या जीएनएमचे, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाचे तास आणि त्यांच्या कोर्सचे तास शेजारी लावून आपण कुठं कुठं कमी पडतो त्याची रीतसर यादी. बहुतेकींना येतं हे, केरळच्या, फिलिपिन्सच्या, रुटीन आहे, वर्षं वाया गेली असं कुणी म्हणत नाही. पण नव्या खोलीत एकटीनं बसून डिक्शनरी लावत लावत ते वाचायचं म्हणजे असं वाटतं की मामा म्हणत होते तेच शिक्का मारून आलंय. आणि ती कमी भरून निघेपर्यंत हुद्दा हेल्परचा, पगारही तसाच.

(हा पॅरा गाळ.) वॉर्डात फोन वाजला की मी चादरींच्या खोलीत. समोर माणूस असला तर हातवारे करून भागतं, फोनवर नुसता आवाज, त्यात इथले म्हातारे श्वेबिश म्हणजे या भागातली बोली बोलतात, पुण्याच्या क्लासमध्ये शिकलेलं जर्मन आणि हे यात पेठेतलं मराठी आणि आपल्या आज्जीचं मराठी एवढा फरक. एकदा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना, मी आत चादरींच्या घड्या घालतेय, डोळ्यातनं पाणी, आणि मनात हेच की एवढं शिकून, एवढ्यांना दुखावून मी इथं चादरी मोजायला आले का. त्या दिवशी तिकिटाचे दरही बघून ठेवले होते परतीच्या.

नाही आले परत. त्यात हिंमत वगैरे नव्हती गं, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ड्युटी होती म्हणून गेले, एवढंच. आठ नंबरच्या खोलीत खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या, आधीच्या आयुष्यात शाळेत बाई असाव्यात असा आवाज, कुणालाच नीट हात लावू द्यायच्या नाहीत. मला पाठवलं. इथं हातात घालायचा टॉवेलचा मोजा असतो, पाणी आधी पेशंटला बोटानं बघू द्यायचं, तोंडाला साबण नाही, तोंड मग हात मग छाती, पुसलं तेवढं लगेच कोरडं करून झाकायचं, उघडं ठेवायचं नाही. आणि आज्जी पडली होती तेव्हा तिला दोन महिने कोण पुसत होतं? मी आणि तूच ना. पाठीखाली हात कसा सरकवायचा, दुखरा पाय न हलवता कूस कशी करायची, हे मला कुणी शिकवायला लागलं नाही. बाई पहिल्यांदा गप्प, मग बोलायला लागल्या, मग माझं व्याकरण सुधारायला लागल्या, डेर, डी, डास, म्हणजे जर्मनमधलं लिंग चुकलं की बोट वर. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, मला तीच पाहिजे. बी-टू या जर्मनच्या पातळीच्या पूर्ण कोर्समध्ये नाही कळली तेवढी श्वेबिश मला त्या अंघोळींमध्ये कळली. आणि पुढं त्यांच्याच मुलीचा फोन आला आणि दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी उचलला, अडखळत अडखळत सांगितलं, आई जेवल्या, आज खुर्चीत बसल्या. पलीकडनं ती थँक्यू म्हणाली आणि फोन ठेवला. काहीच झालं नाही. एवढ्याशा गोष्टीला मी इतके दिवस पळत होते.

मग ते आजोबांचं झालं. ऑपरेशन होऊन दोन-तीन दिवस झालेले, सगळं नॉर्मल, चहा देताना मला वाटलं हे जरा वेगळेच बसलेत, बोलताना वाक्य तोडतायत, नखं बरी दिसेनात. विचारलं तर म्हणे ठीक आहे. हे ठीक आहे म्हणणारे पुरुष मिरजेलाही तसेच आणि इथंही तसेच. श्वास मोजला, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन बघितला, चौऱ्याऐंशी, फारच कमी. सीनियर दुसऱ्या खोलीत अडकलेली. डॉक्टरांना फोन मीच केला, व्याकरण गेलं उडत, नाव, खोली, श्वास एवढे, पल्स एवढा, सॅच्युरेशन एवढं, लगेच या. जर्मनमध्ये आकडे आपल्यासारखेच, एकक आधी दशक नंतर, त्यामुळं आकड्यांत मी कधीच अडखळत नाही, इंग्रजीची सवय असणारे अडखळतात. डॉक्टर आले, आजोबांना आयसीयूत हलवलं, वाचले. मला कुणी हार घातला नाही. इथं म्हणच आहे की रागावलं नाही म्हणजे कौतुक झालं समजा, पप्पा इथंच जन्माला यायचे चुकून आपल्याकडं आले बघ. पण त्यानंतर माझ्या बोलण्यावर डोळे फिरवणं थांबलं, माझंही आणि वॉर्डातल्या बाकीच्यांचंही. मला कळलं की माझं जर्मन अर्धवट आहे, मी नाही.

परीक्षा झाली, तोंडी आणि खऱ्या पेशंटवर प्रॅक्टिकल, ते तुला माहितीय, पेढे तुम्हीच वाटलेत.

इथं एक मल्याळी मावशी आहेत, रिटायर नर्स, कधीकधी मला जेवायला बोलावतात. १९६० च्या दशकात केरळमधल्या कितीतरी मुली चर्चमार्फत जर्मनीत आल्या, त्याही तशाच आलेल्या, विशीच्या आत-बाहेर, एक अक्षर जर्मन येत नव्हतं, घरी पत्र पोचायला कितीतरी दिवस, फोनचं तर नावच नाही. मी विचारलं भीती नाही वाटली का. तर म्हणाल्या वाटली ना, पण मागं चार भावंडं शिकत होती, मनिऑर्डरची तारीख चुकवायची नव्हती. आणि परत आमटी वाढायला लागल्या. मला तरी हे उत्तर त्या भाषणापेक्षा पटलं.

आणि हो, तुला आवडेल असं एक. आमच्या बिल्डिंगमध्ये केहरवोखं असतं, म्हणजे आठवड्याची पाळी, जिची पाळी तिच्या दाराला पाटी अडकवतात आणि तिनं जिना झाडून पुसायचा. पहिल्यांदा पाटी आली तेव्हा वाटलं काहीतरी दंड लावलाय मला. आता माझी पाळी असते तेव्हा खालच्या मजल्यावरची आजी कठड्यावरनं बोट फिरवून बघते, धूळ निघत नाही म्हणून नाराज होऊन आत जाते. तुझ्या हाताखाली वाढलेय मी, तिला काय सापडणार.

एक भीती मात्र अजून आहे आणि ती जाईल असं वाटत नाही. रात्री-अपरात्री तुमच्याकडनं कॉल आला की छातीत धस्स होतं. पप्पांचं बीपी, तुझा गुडघा, आणि मी इथं, उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागं. सगळ्या गावाच्या आया-बापांना मी पुसतेय आणि माझ्या आईला दवाखान्यात काकू नेतेय, हे मला बोचतं, याचं उत्तर माझ्याकडं नाही. म्हणून काही दुखलं तर लपवू नका, नर्सला कळतंच.

आता पिंकीचं. तिला म्हणावं भीती जायची वाट बघत बसू नको, माझी विमानात बसतानाही गेली नव्हती. बी-टूचे चार भाग असतात, वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं, मॅक्सम्युलर भवनच्या, म्हणजे आपल्याकडच्या जर्मन संस्थेच्या परीक्षेत प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात, एखादा राहिला तर तेवढाच परत देता येतो, सगळं वर्ष बुडत नाही. ऐकण्याचं रोज कर, बाकी येतं. आणि काकांना सांग, तो एजंट लाखांत मागतोय त्याला आत्ता एक रुपया द्यायचा नाही. सरकारकडं नोंदलेल्या एजंटला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याच्यापेक्षा जास्त घेताच येत नाही, ई-मायग्रेट या सरकारी साईटवर त्याचं नाव आहे का ते बघा. ओरिजनल सर्टिफिकेट कुणाच्या हातात ठेवायची नाहीत, बघायला दिली तरी समोर बसून परत घ्यायची. करारात नोकरी मध्येच सोडली तर किती पैसे परत द्यायचे ते कुठंतरी बारीक अक्षरात असतंच, ते शोधा. सही करायच्या आधी सगळ्या पानांचे फोटो काढून मला पाठवा, मी इथल्या आमच्या युनियनच्या बाईला दाखवते. आणि मामांना यातलं काही विचारायला जाऊ नका.

आता ठेवते, उद्या सकाळची शिफ्ट आहे. मेतकूट संपलंय, कुणी येणारं असेल तर दे.

तुझी लेक