पायांनी मागितलेला घेर

लंडन
रविवार

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

बॅले नाचणाऱ्या मुलींच्या कमरेभोवतीचा घेर ताटासारखा आडवा कसा राहतो, आत तार असते का, असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा घाईत होते म्हणून आता सविस्तर लिहिते.

तार असते, पण भार पेलते ती शिवण. या घेरदार पोशाखाला टूटू म्हणतात, आणि मुळात तो कमरेवरून सोडलेला घागरा नाहीच. आधी एक निकर शिवतात आणि ताठ नेटच्या चुणीदार पट्ट्या त्या निकरवरच बसवत जातात. मांडीलगतची सगळ्यात खालची पट्टी जेमतेम दोन-तीन बोटं रुंद, तिच्यावरची थोडी जास्त, असे दहा-बारा थर. सगळ्यात वरचा सगळ्यात लांब. खालचा प्रत्येक थर वरच्याला टेकू देतो. मधल्या एका थरात पोलादी पट्टीचं कडं ओवतात, ते कड सरळ राहावी म्हणून. मग सगळे थर एकमेकांना हातानं, सैल टाक्यांनी पकडायचे. टाका जरा घट्ट ओढला गेला की घेर खाली बसलाच. कमरेखाली अंगाबरोबर बसणारी वेगळी पट्टी, वर चोळी, आणि पाठीला हुकांच्या एकाहून जास्त रांगा, कारण तोच पोशाख पुढे दुसऱ्या मुलीच्या अंगावर जाणार असतो. प्रयोग संपला की तो उलटा टांगतात, नाहीतर घेर लोंबायला लागतो. मशीनचं काम त्यात थोडं. एका पोशाखाला हातशिवणीचे कित्येक दिवस जातात.

तू विचारलंस ते एवढंच. पण या पोशाखाचा इतिहास वाचताना सारखी तुझी आणि तुझ्या ड्रेपरीच्या, म्हणजे नाटका-नाचाच्या पोशाखांच्या, खोलीची आठवण येत होती, म्हणून पुढचंही सांगते. इतिहासात नावं राहतात ती चित्रकारांची आणि डिझायनरांची. पण नीट पाहिलं तर हा घेर दर वेळी आखूड झाला, तो नाचणारीच्या पायांनी तसं मागितलं म्हणून. आणि ते मागणं पुरं केलं शिवणाऱ्या हातांनी.

मारी कामार्गो ही नर्तकी 1726 साली पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर आली, तेव्हा नर्तकी दरबारी बायकांसारखेच जमिनीला टेकणारे, सांगाड्यावर ताणलेले जड घागरे घालून नाचत. उडी मारून हवेतच पावलं एकमेकांवर भराभर आपटायची, हे काम पुरुषांचं समजलं जाई. कामार्गो ते करू लागली. पण घागऱ्याच्या आत कोणाला काय दिसणार? तिनं घागरा घोट्याच्या वर घेतला आणि टाचा नसलेले बूट घातले. बोटभर कापड कमी झालं आणि त्यावरून पॅरिसमध्ये गहजब झाला.

पुढचं वळण 12 मार्च 1832 चं. मारी टाल्योनी 'ला सिल्फीद' या बॅलेत परी म्हणून आली. बॅले बसवला होता तिच्या वडिलांनी, फिलिप्पो टाल्योनींनी. मुलीकडून त्यांनी सराव असा करून घेतला होता की ती पायाच्या बोटांवर उभी राही आणि कष्ट दिसतच नसत. तिचा पोशाख म्हणजे तंग चोळी आणि पोटरीपर्यंत येणारा घंटेच्या आकाराचा पांढरा, तलम घागरा. त्याचं श्रेय ओजेन लामी या चित्रकाराला दिलं जातं. ऑपेरात गॅसचे दिवे येऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. त्या मंद उजेडात पांढरं विरळ कापड आतून उजळल्यासारखं दिसायचं. पुढे 'जिझेल' हा बॅले आला 1841 साली आणि रंगमंच पांढऱ्या घेरांनी भरून गेला. तेओफील गोतिए या समीक्षकानं तर तक्रारच केली की आता गॉझ, टूल आणि टार्लटनचा अतिरेक होतोय. (टूल म्हणजे तलम नेट, आणि टार्लटन म्हणजे खळ घालून ताठ केलेलं, विरळ विणीचं सुती कापड. तुझ्या हाताला ते लगेच ओळखता येईल.)

आता जे लिहितेय ते मन लावून वाच. खळीचं विरळ सुती कापड, थरांमध्ये खेळती हवा आणि रंगमंचाच्या कडेला उघडी गॅसची ज्योत. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात 1844 साली क्लारा वेब्स्टर ही नर्तकी प्रयोग चालू असताना प्रेक्षकांसमोर पेटली आणि तीन दिवसांत गेली. फिलाडेल्फियात 1861 साली एकीच्या कपड्यांनी पेट घेतला, बाकीच्या मदतीला धावल्या आणि कितीतरी मुली जिवाला मुकल्या. एमा लिव्हरीची गोष्ट तर माझ्या मनातून जातच नाही. ती टाल्योनीची लाडकी शिष्या. तिच्यासाठी टाल्योनीनं 1860 मध्ये 'ल पापियों', म्हणजे 'फुलपाखरू', हा बॅले बसवला होता. कापडाला आग धरू नये म्हणून ते रसायनात बुडवायची कार्तरों नावाच्या माणसाची पद्धत तोवर निघाली होती आणि तसे पोशाख वापरायचा सरकारी हुकूमही होता. पण बुडवलेलं कापड कडक आणि पिवळट होई. एमानं ऑपेराला लेखी कळवलं की मी माझा नेहमीचाच घागरा घालणार. 15 नोव्हेंबर 1862 ला तालमीत ती रंगमंचाच्या कडेला, गॅसच्या दिव्याजवळ होती. घागरा चुरगळू नये म्हणून तिनं तो झटकून फुलवला आणि त्या वाऱ्यानं ज्योत कापडावर आली. आठ महिने यातना सोसून ती जुलै 1863 मध्ये गेली. वय वीस. तिच्या त्या पोशाखाचे जळके अवशेष पॅरिसला ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

मी तिला हट्टी म्हणणार नाही. कडक घागऱ्यात नाच बिघडतो हे तिला हुकूम काढणाऱ्यांपेक्षा जास्त कळत होतं. तिला ताठरपणा आणि मरण यांतलं एक निवडावं लागलं, हा दोष तिचा नव्हे. आणि दत्ता, शाळांच्या स्नेहसंमेलनांना तू नेटचे फ्रॉक देतोस. आजचं नायलॉनचं नेट पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं. जिथे दिव्यांचा नाच आहे तिथे बॅटरीचे दिवे असतील तरच ड्रेपरी मिळेल, असं सरळ सांग. ऑर्डर गेली तर जाऊ दे.

पोटरीवरचा घेर गुडघ्यावर आणि तिथून आडवा झाला तो इटालियन नर्तकींमुळे. त्यांचं तंत्र फार पुढे गेलं होतं, गिरक्या वाढल्या होत्या. व्हर्जिनिया झुक्की 1885 मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेली, तेव्हा तिथल्या रिवाजाचा लांब घागरा तिनं साफ नाकारला. पिएरिना लेन्यानीनं 1895 साली 'स्वान लेक'मध्ये एका पायावर लागोपाठ 32 गिरक्या घेतल्या. त्या गिरक्यांत दुसरा पाय सारखा बाहेर फेकावा लागतो, तो दिसायला नको का?

एक प्रश्न मात्र उरलाच होता, आणि तो सोडवला शिवणारणीनंच. तिचं नाव बार्बारा कारिन्स्का. ती खारकीवची, क्रांतीनंतर देश सोडून आधी पॅरिसला आणि मग न्यूयॉर्कला आलेली. तिथे बॅले बसवणाऱ्या जॉर्ज बॅलन्शीन यांच्या नृत्यांत खूप मुली एकदम, जवळजवळ नाचायच्या. कडं घातलेले घेर एकमेकांवर आपटत आणि एक बाजू दबली की दुसरी वर उडे. त्यांच्या 'सिम्फनी इन सी' या बॅलेसाठी 1950 मध्ये कारिन्स्कानं कडं काढूनच टाकलं. सहा-सात थर, कमी-जास्त लांबीचे, नुसते सैल टाचलेले. तिनं चोळीच्या बाजूच्या पट्ट्या उरेब, तिरक्या कापल्या, म्हणजे श्वास घेताना बरगड्या फुलल्या तरी कापड साथ देईल. दत्ता, हे वाचून मी उठून उभीच राहिले. केवढा विचार त्या एका कापामागे! मला विचारशील तर टूटूच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं नाव हेच.

देगा या फ्रेंच चित्रकारानं केलेल्या चौदा वर्षांच्या नर्तकीच्या मूर्तीबद्दलही थोडं. 1881 साली प्रदर्शनात ठेवलेली मूळ मूर्ती मेणाची होती आणि अंगावर खऱ्या कापडाचा घागरा. तिच्यासाठी उभी राहिलेली मारी व्हान गोएथेम ही एका धोबिणीची मुलगी. पुढे त्या मूर्तीच्या ब्राँझच्या प्रती झाल्या. ब्राँझ टिकतं, कापड विरतं, म्हणून संग्रहालयांना तिचा घागरा अधूनमधून नव्यानं शिवून घ्यावा लागतो.

आपल्या मुंबईनंही हा घेर पाहिलाय बरं. आना पाव्हलोव्हा ही रशियन बॅले नर्तकी 1928 साली मुंबईला नाचली आणि तिला पाहायला आलेल्यांत रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या. पुढे एकाच बोटीवर दोघींची ओळख वाढली. रुक्मिणीदेवी आधी बॅलेच शिकल्या आणि मग भरतनाट्यमकडे वळल्या.

फॅशनचं मात्र मला थोडक्यातच सांगावंसं वाटतं. ख्रिस्तियन डिओर या फ्रेंच डिझायनरनं फेब्रुवारी 1947 मध्ये चिमटलेली कंबर आणि भरघोस घेर आणला. युद्धात मापून मापून कापड वापरलेल्या बायकांना तो किती हवासा वाटला असेल! मार्गो फॉन्टेन ही इंग्लंडची मोठी नर्तकी स्वतः डिओरचे कपडे घालायची. बॅलेच्या चपलांची गोष्टही अशीच. अमेरिकेत युद्धकाळी बुटांवर रेशनिंग आलं, नाचाच्या चपला त्यातून सुटलेल्या, म्हणून क्लेअर मॅकार्डेल या डिझायनरनं त्यांनाच रस्त्यावर चालण्याजोगा तळ लावून घेतला. 1998 साली सुरू झालेल्या 'सेक्स अँड द सिटी' मालिकेच्या शीर्षकदृश्यात नायिका पांढऱ्या टूटूत न्यूयॉर्कच्या रस्त्यावर दिसते. वेशभूषाकार पॅट्रिशिया फील्डला तो एका टोपलीत पाच डॉलरला सापडला होता. त्यानंतर टूलचे घागरे लग्नांत, वाढदिवसांना, सगळीकडे आले. दिसतात छान. पण त्यांतल्या बहुतेकांत चालताना मुली घेर हातानं सावरत असतात, तेव्हा मला वाईट वाटतं. ज्या घेराचा प्रत्येक थर पाय मोकळे करायला कापला गेला, तो सावरत चालायची वेळ यावी!

म्हणून मला सेरेना विल्यम्स आवडली. 2018 च्या फ्रेंच ओपनमध्ये तिनं घातलेला अंगासरशी काळा सूट पुढे चालणार नाही, असं तिथल्या टेनिस महासंघाचे अध्यक्ष म्हणाले. बाळंतपणानंतर रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला होता, म्हणून तिला तो सोयीचा होता. त्याच वर्षी यूएस ओपनला ती एका खांद्याच्या पोशाखात, टूलच्या घेरात उतरली. व्हर्जिल अब्लो या डिझायनरनं नायकेसाठी केलेला. त्या घेरात ती पळाली, सर्व्हिस केल्या आणि अंतिम फेरीपर्यंत गेली. मॅचची चित्रफीत मिळाली तर घेराची लांबी नीट बघ. पाऊल टाकताना तो मांडीला कुठेही अडत नाही.

सैल टाक्यांचा एक नमुना छोट्या नेटवर करून बघ आणि कसा झाला ते कळव. नेट फार मऊ घेऊ नकोस. काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मीरा