कॉलेजच्या गेटासमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

चार वर्षांत मी तुमचं नाव कधी विचारलंच नाही. पाटीवर ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल बायंडिंग’ एवढंच लिहिलं होतं आणि सगळं कॉलेज तुम्हाला काकाच म्हणायचं. म्हणून हे पत्र असं उघड लिहितेय. तुमचा पुतण्या दिवसभर मोबाईलवर असतो, तो वाचून दाखवेलच. मी मस्कतवाली. निळी फाईल घेऊन यायचे ती.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत नसेल. मला अगदी ती वेळसुद्धा आठवते, दुपारचे सव्वाबारा. २०२१ चा डिसेंबर होता. करोनामुळे त्या वर्षी प्रवेश लांबले होते आणि मी ऐन थंडीत नाशिकला येऊन पडले होते. अंगात एक पातळ जॅकेट, कारण मस्कतला त्याहून जाड काही लागतच नाही. कार्यालयातून सांगितलं होतं, ‘पावणेबाराच्या आत फॉर्म द्या.’ घरी आम्ही मराठी बोलायचो, पण घड्याळ इंग्रजीतच वाचायचो. पाऊण म्हणजे चारातले तीन भाग हे मला ठाऊक होतं, त्यामुळे पावणेबारा म्हणजे बारा वाजून पंचेचाळीस मिनिटं असं मी धरून चालले. पोचले तेव्हा खिडकी बंद झाली होती. दुसऱ्यांदा विचारायला गेले तर आतून उत्तर आलं, ‘मराठी कळत नाही का?’ आडनाव मराठी, बोलणं मराठी. त्यांना तरी कसं वाटावं की हिला खरंच कळलेलं नाही?

मी तुमच्या काउंटरपाशी येऊन उभी राहिले ती फक्त सावली होती म्हणून. तुम्ही विचारलंत, ‘काय झालं ताई?’ मी सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. मशीनमधून वाकडा निघालेला एक कागद उलटा केलात, त्यावर घड्याळ काढलंत आणि सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच एका खाली एक लिहून दिलंत. खाली आणखी एक ओळ लिहिलीत: ‘एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी.’ तो कागद मी वर्षभर फाईलच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता. लॅमिनेशन करून द्यायचं तुम्हीच सुचवलंत आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

मग तुम्ही माझी फाईल बघायला मागितलीत. पात्रतेसाठी मायग्रेशन, शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची गुणपत्रिका आणि कोट्यासाठी बाबांच्या नोकरीचा कागद, सगळं होतं. आखाती देशांत नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी काही जागा असतात, त्यातून माझा प्रवेश झाला होता. पण मला कुणीतरी सांगितलं होतं की परदेशातली बारावी असेल तर दिल्लीहून समकक्षतेचं प्रमाणपत्र आणावं लागतं, नाहीतर प्रवेश रद्द. त्या भीतीने मी तीन रात्री झोपले नव्हते. तुम्ही गुणपत्रिका उजेडात धरलीत आणि विचारलंत, ‘यावर बोर्ड कुठलं लिहिलंय?’ मी म्हटलं, सीबीएसई. ‘मग झालं. शाळा मस्कतला असेल, बोर्ड आपलंच आहे. ते प्रमाणपत्र परक्या बोर्डाच्या मुलांना लागतं.’ दुसऱ्या दिवशी कार्यालयातही हेच सांगितलं. पुढे दुबईहून ब्रिटिश बोर्डाचं ए-लेव्हल करून आलेला एक मुलगा आला, तेव्हा माझ्यासमोर तुम्ही त्याला सांगितलंत की तुला मात्र भारतीय विश्वविद्यालय संघाकडे अर्ज करावाच लागेल, आजच कर. कुणाला काय लागतं आणि काय लागत नाही, हे इतकं नीट सांगणारं त्या परिसरात दुसरं कुणी मला भेटलं नाही.

पण त्या दिवशी फॉर्म तुम्ही भरून दिला नाहीत. मी पेन तुमच्यापुढे केलं होतं. तुम्ही ते परत माझ्याकडे सरकवलंत. ‘मी भरला तर आजचं काम होईल. पुढच्या वर्षी परत यायचंय ना? तू भर, मी बघतो.’ मला तेव्हा राग आला होता, काका. आज त्याच वाक्यासाठी मी हे पत्र लिहितेय.

आमच्यासारख्या मुलांची अडचण वेगळी असते, ती मला इथे सगळ्यांसमोर सांगायची आहे. परदेशी पासपोर्टवर आलेल्या विद्यार्थ्यांकडे पाहिलं की लोकांना कळतं, हा नवा आहे. त्याला चार गोष्टी आपणहून सांगितल्या जातात. आमचा पासपोर्ट भारतीय. ओमानमध्ये जन्म काढला तरी आम्ही तिथे व्हिसावरच असतो, बाबांची नोकरी आहे तोवर. आणि इथे आलो की सगळे म्हणतात, ‘आलात का घरी परत!’ ज्या घरी आपण फक्त उन्हाळ्याच्या सुटीत, आजीच्या हाताखाली राहिलेलो असतो, तिथली एसटी, तिथली रांग, तिथलं ‘साहेब जेवायला गेलेत’ हे सगळं आपल्याला जन्मतः येत असेल असं धरलं जातं. येत नसेल तर मुलगी लाडावलेली, नाहीतर पैशावर आलेली. माझे बाबा एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहेत. माझी फी भरता यावी म्हणून त्यांनी दोन वर्षं सुटी घेतली नाही. हे मी वर्गात कुणाला सांगत बसणार होते? तुम्ही मात्र एकदाही ‘तिकडे कसं मस्त असतं’ असं म्हणाला नाहीत. तुम्ही विचारलंत, ‘जेवणाची सोय लागली का? स्वेटर आहे का?’ आणि शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटला पाठवलंत.

आता पावसाचं. मस्कतला पाऊस पडला की ‘वादी’ म्हणतात त्या नाल्यांना लोंढे येतात, एरवी कोरडे असणारे ते नाले गाड्या वाहून नेतात. शाळा लगेच बंद. पाऊस म्हणजे घरात थांबायचं, हे आमच्या अंगात भिनलेलं असतं. नाशिकच्या पहिल्या पावसाळ्यात मी दोन दिवस खोलीतून बाहेरच पडले नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की दोन प्रॅक्टिकल झाली. तुमच्याकडे जर्नलची पानं मागायला आले तेव्हा तुम्ही आधी कारण विचारलंत. मग म्हणालात, ‘कॉलेज बंद ठेवायचं असेल तर कलेक्टर सांगतात. ते सांगत नाहीत तोवर चालू.’ आणि रविवारी मला गोदाघाटावर पाठवलंत, नदीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघायला. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आहे की कमरेला, की छातीला, त्यावरून नाशिककर पूर मोजतात, हे मला तिथे उभ्या असलेल्या एका आजींनी समजावून सांगितलं. पुलावर इतकी माणसं नुसती नदी बघायला जमली होती. त्या गर्दीत मी तासभर उभी राहिले. पाऊस अंगावर घेत बाहेर उभं राहण्याची ती माझी पहिलीच वेळ होती.

रविवारचंही तुम्हीच ओळखलंत. ओमानमध्ये सुटी शुक्रवार-शनिवारची. माझ्या सुटीच्या दिवशी घरी सगळे कामावर, फोन उचलायला कुणी नाही. मैत्रिणी आपापल्या गावी गेलेल्या. मी उगाचच तुमच्या दुकानात दोन-दोन पानांची झेरॉक्स काढायला यायचे. तिसऱ्या रविवारी तुम्ही म्हणालात, ‘पोरी, सावानाचं सभासदत्व घे.’ सावाना म्हणजे काय तेही मला माहीत नव्हतं. १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे आणि तिथे माझ्यासारखी मुलगी निवांत बसू शकते, हे मला त्या एका वाक्यातून मिळालं. ळ आणि ल मधला फरक माझ्या कानाला तिथल्या मासिकांनी आणि शेजारी बसून पुटपुटत पेपर वाचणाऱ्या आजोबांनी शिकवला.

व्हिसाची गोष्ट मात्र कधीच विसरणार नाही. सहा महिन्यांहून जास्त काळ ओमानबाहेर राहिलं की रहिवासी व्हिसा जातो. मग आईबाबांकडे जायचं तर पाहुण्यासारखं जावं लागतं. म्हणजे दर सहा महिन्यांच्या आत एकदा जाऊन यायलाच हवं, आणि परीक्षा तर कधी पुढे जाईल सांगता येत नाही. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलींना वाटलं मी फिरायला जातेय. तुम्ही कॅलेंडर काढलंत. ‘ओरलची तारीख कॉलेज लावतं, लेखीची विद्यापीठ. दोन्ही कागद हातात आल्याशिवाय तिकीट काढू नको.’ मी तरी घाई केली, स्वस्त मिळतंय म्हणून मे महिन्याचं तिकीट काढून बसले. आणि वेळापत्रक बदललं. ती सूचना प्रती काढायला तुमच्याकडे आली तेव्हा तुम्ही मला फोन केलात, रात्री साडेनऊला, दुकान बंद करता करता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तारीख बदलून घेतली. मुदत संपायला चार दिवस उरले असताना मस्कतला उतरले. विमानतळावर आई रडत होती. तिला मी तेव्हा पहिल्यांदा तुमच्याबद्दल सांगितलं.

दुसऱ्या वर्षी एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला. एटीकेटी, म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्षात जाता येणं, हा शब्द माझ्या शाळेत नव्हता. नापास म्हणजे वर्ष गेलं असंच मला वाटलं, आणि घरी सांगायचं धाडस झालं नाही. फेरतपासणीचा फॉर्म घ्यायला आले होते. तुम्ही म्हणालात, ‘आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागव. स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मग पैसे घाल.’ कॉपी आली. आपण दोघांनी ती काउंटरवर उघडली. गुण बरोबरच दिले होते. मी दोन प्रश्न सोडलेच होते. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मागच्या पाच वर्षांच्या पेपरांचा संच काढून स्पायरल करून दिलात आणि म्हणालात, ‘सत्राच्या मधली इनसेम तीसची, शेवटची एंडसेम सत्तरची. सत्तरच्याच्या मागे लाग. पैसे पास झाल्यावर दे.’ आणि शेवटी, हळू आवाजात, ‘घरी सांगून टाक. ते तिकडे आहेत, त्यांना कळायला तू एकटीच आहेस.’

त्या रात्री मी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, जेवलीस का?

निकाल लागला तेव्हा मी पैसे द्यायला आले. तुम्ही घेतलेत, पूर्ण घेतलेत. मला भीती होती की तुम्ही ‘राहू दे’ म्हणाल आणि मी कायमची बिचारी ठरेन. तुम्ही विचारलंत, ‘पैसे किती होते गं?’ मी म्हटलं, ‘एकोणसत्तर.’ न अडखळता. तुम्ही वर पाहिलंत, कागदांचा गठ्ठा खाली ठेवलात आणि एक रुपया सुटा परत दिलात. तो मी अजून खर्च केलेला नाही.

काका, मी आता पुण्यात नोकरीला आहे. गेल्या महिन्यात पीएफचा फॉर्म भरताना शेजारची मुलगी म्हणाली, तू भरून देतेस का माझा? मी पेन तिच्याकडे सरकवलं आणि तिच्या शेजारी बसले.

जुलैत माझा भाऊ नाशिकला येतोय, तुमच्या समोरच्याच कॉलेजात. आईने त्याच्याबरोबर तुमच्यासाठी ओमानचा हलवा आणि खजूर पाठवायचं ठरवलंय, ते घ्या, नाही म्हणू नका. सव्वा, साडे, पावणे त्याला येतं, मी फोनवर घटवून घेतलंय. एकोणाशी अजून झगडतोय. फाईल निळीच दिलीय. त्याचा फॉर्म त्यालाच भरायला लावा.

तुमची,
मस्कतवाली