चि. केतकीस, डिचोलीहून

प्रिय केतकी,

परवा फोनवर तू म्हणालीस की मॅनेजरला क्लायंटच्या डॅशबोर्डवर (आकड्यांचे चार्ट दाखवणारं ते पान) अजून चार्ट हवेत, आणि मी नुसतं हं हं करत राहिलो कारण तुझी आई बाजूने बांगड्यांचा भाव सांगत होती. म्हणून आता सावकाश टाइप करतोय. मला तुझं ते चार्ट बनवायचं सॉफ्टवेअर, पॉवर बीआय, येत नाही, पण एकाच गोष्टीचे तीन आकडे कसे होतात ते खाणीच्या डिस्पॅचमध्ये बसून भरपूर बघितलंय.

आमच्याकडे ट्रकचा काट्यावरचा टन वेगळा, बार्जमधला (नदीतली सपाट मालबोट) वेगळा, मुरगाव बंदरात जहाजात माल चढला की सर्व्हेवाल्याचा तिसराच. त्यात ओल्या खनिजाचं पाण्यासकट वजन एक आणि पाणी वजा करून कोरडं वजन दुसरं, गिऱ्हाईक पैसे देणार कोरड्याचे. कोणीच खोटं बोलत नसायचं तरी मीटिंगमध्ये भांडण ठरलेलं. तर तू आधी तुमच्या क्लायंटच्या, त्या मडगाव-म्हापशाच्या दुकानवाल्याच्या 'विक्री'त काय काय धरतात ते लिहून काढ. जीएसटी धरून की सोडून, परत आलेला माल वजा केला का, तारीख बिल फाडलं त्या दिवसाची की फ्रीज घरी पोचला त्या दिवसाची. आणि नुसतं मालकाला विचारून भागत नाही हां, काउंटरवर बिल करणाऱ्या पोराला विचार, गिऱ्हाईक फोन नंबर देत नाही तेव्हा तो तिथे काय ठोकून देतो ते त्यालाच माहीत.

मग चवथ, आपली गणेश चतुर्थी. तुझ्या पुण्याच्या टीमला हे सुचणार नाही, तुला सुचायला पाहिजे. २०२४ ला चवथ ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला. म्हणजे चवथीआधीच्या तीन आठवड्यांची खरेदी एका वर्षी दोन महिन्यांत वाटली गेली आणि दुसऱ्या वर्षी सगळी ऑगस्टात आली. तुमचा चार्ट सांगणार ऑगस्ट जोरात, सप्टेंबर आपटला, आणि मालक सप्टेंबरची ऑर्डर कमी करून बसणार. २०२६ ला परत १४ सप्टेंबर, म्हणजे उलटी बोंब. डेट टेबलमध्ये (तारखांचा तो तक्ता, दर दिवसाची एक ओळ) 'चवथीला किती दिवस उरले' असा एक कॉलम घाल आणि त्यावर तुलना कर, महिन्यावर नको.

तारखेचं अजून एक. दिवस-महिना उलटा वाचला गेला तर १९ डिसेंबरला गाडी अडते कारण एकोणिसावा महिनाच नाही, तुला लगेच कळतं. पण ३ डिसेंबर, आपलं जुन्या गोव्याचं फेस्त, ते गुपचूप १२ मार्च होऊन बसतं आणि कोणी ओरडत नाही. म्हणून बारापर्यंतच्या तारखा मुद्दाम तपास.

हप्त्यांचं तर बघच. तीस हजाराच्या फ्रीजचं एक बिल, हप्ते तीन, बिलांचं आणि हप्त्यांचं टेबल जॉईन करून (जोडून) तेच बिल दर हप्त्यासमोर परत आलं आणि बिलाची रक्कम बेरजेला घेतलीस की झाले नव्वद हजार, आणि क्लायंट खूश पण होईल मेला! जॉईनच्या आधी आणि नंतर ओळी मोज, आणि शेवटची बेरीज त्यांच्या अकाउंटंटच्या खात्याशी जुळल्याशिवाय कोणाला दाखवू नकोस. सरासरीत रिकामे रकाने धरले जात नाहीत आणि शून्य मात्र धरलं जातं, तेही बघ.

ओळी मोजण्याला हसू नकोस. २०२० मध्ये इंग्लंडात कोविडच्या १५,८४१ केसेस रिपोर्टमधून गळल्या होत्या, कारण जुन्या एक्सेल फाईलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळीच मावत नाहीत. नव्या एक्सेलची हद्द १०,४८,५७६, पण हद्द आहेच.

राहिले चार्ट. मॅनेजरला एवढंच विचार की हा बघून दुकानवाला काय ठरवणार, माल मागवणार की सेल लावणार? काहीच ठरवणार नसेल तर तो चार्ट नको. टूल कुठलं हा वाद मला फालतू वाटतो, डेटाबेसमधून आकडे काढायची ती भाषा, एसक्यूएल, पक्की असली की बाकीचं शिकता येतं, तुझा तो ज्युनियर काही म्हणू दे.

विक्रीची ती व्याख्या क्लायंटकडून मेलवर ओके करून घे, तोंडी नको. आणि चवथीच्या रजेचा अर्ज आत्ताच टाक, बसची तिकिटं मागाहून मिळत नाहीत.

तुझे,
बाबा